मी औषधं फार घेत नाही

काउंटरवरच्या मुलीने आईला तीनच प्रश्न विचारले. दोन-तीन दिवसांत मटण-बिटण खाल्लंय का? हिरड्यांतून रक्त येतं का? व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेता का? नौपाड्यातली ती लॅब सकाळी साडेसातलाच गजबजलेली असते. उपाशीपोटी आलेली माणसं, भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद केलेल्या बातम्या, स्पिरिटचा वास, आणि रक्त देऊन मोकळं झालेलं एखादं वयस्कर जोडपं कोपऱ्यात थर्मासमधला चहा झाकणात ओतून आळीपाळीने पीत बसलेलं. आमच्या मागे दहा-बारा जण होते, तरी त्या मुलीने घाई केली नाही. मान वर करून, आईच्या डोळ्यांत बघून विचारलं. पहिल्या प्रश्नाला आईने कानाला हात लावला, दुसऱ्याला मान हलवली आणि तिसऱ्याला म्हणाली, "नाही गं बाई, मी औषधं फार घेत नाही." मुलीने फॉर्मवर खूण केली, झाकणाची छोटी डबी कागदी पिशवीत घालून दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आईची कापडी पिशवी माझ्या खांद्यावर होती. त्या पिशवीत, चष्म्याच्या घराला लागून, केशरी गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. ती तिथे आहे हे मला माहीत होतं, कारण सकाळी रिक्षात बसल्या बसल्या आईने त्यातली एक तोंडात टाकली होती आणि एक मलाही दिली होती.

मीही काही बोलले नाही.

आई खोटं बोलली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिला जे विचारलं गेलं ते 'औषध' या खात्यात होतं, आणि केशरी गोळी तिच्या लेखी त्या खात्यात कधी गेलीच नव्हती. औषध म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं, वेळेवर घ्यायचं, कडू. ही तर आंबटगोड, चघळायची, जेवणानंतर बडीशेपेऐवजी. शेजारच्या मुलांनाही ती खडीसाखरेसारखी एकेक वाटते. माझं मात्र वेगळं होतं. मला प्रश्न नीट कळला होता, उत्तर चुकलेलंही कळलं होतं, आणि तरी माझ्या मनात आलं की जाऊ दे, एवढ्याशा गोळीने काय होणार आहे. खरं म्हणजे इतकं स्पष्टसुद्धा मनात आलं नाही. फक्त मागच्या माणसाने घड्याळ बघितलेलं मला दिसलं आणि मी बाजूला झाले.

त्या गोळ्या घरात आणल्या मीच. 2020चा एप्रिल असेल. मी ऐरोलीत, आई नौपाड्यात एकटी, आणि मधली खाडी तेव्हा अचानक रुंद झाल्यासारखी वाटायची. गोखले रोडवरच्या औषधाच्या दुकानासमोर चुन्याने आखलेले गोल होते, त्या गोलांत आम्ही गुपचूप उभे असायचो. व्हिटॅमिन सी मिळालं तर सगळं निभावेल अशी एक भाबडी आशा त्या रांगेत होती. दुकानदार माणशी दोनच पट्ट्या देत होता. मी तीन दिवस तीन दुकानांत उभी राहून सहा पट्ट्या जमवल्या, आईच्या दाराबाहेर ठेवल्या, चार पायऱ्या उतरून मागे झाले आणि तिथून ओरडून सांगितलं, "रोज एक चघळायची हं, विसरायचं नाही." आईने मास्कआडून मान हलवली. ती विसरली नाही. कोरोना गेला, दाराबाहेर पिशवी ठेवायची सवय गेली, गोळी राहिली. एकाची दोन कधी झाली, दोनाच्या चार कधी झाल्या, ते मी बघितलं नाही. तिच्या हिशोबात माझी काळजी त्या पट्टीत होती आणि काळजी जास्त घेतली तर बिघडतं कुठे?

एका गोळीत 500 मिलिग्राम सी असतं. बाईमाणसाला दिवसाला 65 मिलिग्राम पुरतं असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात, आणि जांभळी नाक्यावरून आणलेला एक मध्यम पेरू खाल्ला तरी ते भरून पुढे उरतं. मोठ्या माणसाने दिवसाला 2000च्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. आई चार गोळ्यांवर होती, म्हणजे बरोबर त्या उंबरठ्यावर, आणि थंडीत वरून आवळ्याचा रस. एवढं सगळं अंगी लागत नाही. डोस वाढत जातो तसं आतडं कमी कमी शोषतं, आणि जे जास्तीचं रक्तात जातं ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. म्हणून तर सगळे म्हणतात की सीने काही होत नाही, जास्त झालं तर लघवीवाटे जातं. मीही हे वाक्य आईच्या मैत्रिणींना कितीदा ऐकवलं असेल. ते चूक नाही. पण जाता जाता ते कुठून जातं आणि वाटेत कुणाला भेटतं, हा विचार मी कधी केला नव्हता.

वाटेत त्याला एक पांढरी गोळी भेटत होती.

ती पांढरी गोळी तर माझ्या जन्माआधीपासून घरात आहे. आईचं डोकं दुखायचं. कायमच दुखायचं, आणि अजून दुखतं. बाबा तिला 'तुझी अर्धशिशी' म्हणायचे, जणू ती तिची माहेरची कुणी नातेवाईक आहे. दुपारी भांडी आवरली की ती फळीवरून स्टीलची छोटी वाटी काढायची, त्यात दोन बोटं पाणी घ्यायची आणि डिस्प्रिन, म्हणजे पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिनची गोळी, टाकायची. ती वाटी अजून तीच आहे, काठाला पोचा आलेली. गोळी पाण्यात पडली की आधी तळाशी जाऊन गप्प बसते, मग कडेने बारीक बुडबुडे सुटतात, मग एका बाजूने ती ढासळायला लागते, आणि पाणी ताकाच्या निवळीसारखं होतं. तो सुर्र आवाज ऐकला की आम्ही भावंडं आपोआप हळू बोलायला लागायचो. आई ते एका घोटात प्यायची, वाटीच्या तळाचा पांढरा गाळ बोटाने पुसून घ्यायची, पदर डोळ्यांवर ओढून पंख्याखाली पडायची. अर्ध्या तासाने उठून चहा ठेवायची. कुणी विचारलंच तर, "काही नाही, जरा डोकं चढलं होतं."

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका औषधाच्या कारखान्यात कॉम्प्रेशनला होते. गोळ्या पाडायच्या मशीनवर. फर्स्ट शिफ्ट असली की साडेतीनला घरी येत, आणि त्यांच्या शर्टाला कसलातरी गोडसर, पिठाळ वास असायचा. कित्येक गोळ्यांत औषधापेक्षा बाकीचंच जास्त असतं आणि त्यात बऱ्याचदा मक्याचा स्टार्च असतो, हे मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट मी आजही करते. ॲस्पिरिनची जुनी पट्टी हाती आली तर ती एका कोपऱ्यात फोडून नाकाशी धरायची. व्हिनेगरसारखा वास आला तर टाकून द्यायची. दमट हवेत ॲस्पिरिन तुटतं, त्यातून सॅलिसिलिक ॲसिड आणि व्हिनेगरमधलं ॲसिड वेगळं होतं, आणि ठाण्याच्या जुलैत हे व्हायला फार दिवस लागत नाहीत. सीबद्दल ते म्हणायचे की ती बॅच आली की सगळे सांभाळून असतात, खोलीतली दमट हवा जरा वाढली की माल डागाळतो. मी लहान असताना त्यांनी मला अशी एक गोळी दाखवली होती. पांढऱ्या गोळीवर चहाचे शिंतोडे उडावेत तसे तपकिरी ठिपके. "हवेतला ऑक्सिजन खाते ही," ते म्हणाले होते. "समोर जे येईल त्याचा ऑक्सिजन आपल्यावर घेते, म्हणून दुसऱ्याला वाचवते आणि स्वतः काळी पडते."

हे वाक्य मला लॅबमधून आल्यानंतर नवव्या दिवशी आठवलं. उशिराच.

झालं होतं असं की दिवाळीनंतर आई जिन्यात थांबायला लागली. तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. आधी एकदा थांबायची, मग प्रत्येक मजल्यावर. नखं पांढरी दिसायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6, आणि लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यापिण्यात काही बदल? नाही. शौचाला काळपट होतं का? आईने माझ्याकडे बघून "नाही" म्हटलं. त्र्याहत्तराव्या वर्षी लोह असं संपतं तेव्हा ते कुठूनतरी गळत असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि पोटातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जातंय का ते बघायला ती शौचाची तपासणी लिहून दिली. दुसरं काही औषध चालू आहे का, हेही त्यांनी विचारलं. बीपीची एक गोळी आईने सांगितली. वाटीतल्या गोळीचं नाव तिने घेतलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. आमच्या घरात ती गोळी भिंतीवरच्या घड्याळासारखी आहे, दिसायची बंद झालेली.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले, आधी लोहाची गोळी सुरू करू, महिन्याने परत बघू. त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की रिक्षा न करता आम्ही चालत तलावपाळीला गेलो. कठड्याशी बसलो. संध्याकाळ होती, कोपिनेश्वराच्या देवळातली घंटा मधूनमधून ऐकू येत होती, पाण्यावर दिवे लागायला सुरुवात झाली होती. आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं, मला काही नाही." आणि पिशवीतून पट्टी काढून एक केशरी गोळी मला दिली. मी खाल्ली. त्या गोळीची आंबट चव जिभेवर असतानाच मला काउंटरवरची ती मुलगी आठवली. तिने असं का विचारलं असेल? मटणाचं समजतं, त्यातही रक्त असतं. हिरड्यांचंही समजतं. सी कशाला? पण तेवढ्यात आई दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाचं बोलायला लागली आणि मी तो धागा सोडून दिला.

नवव्या दिवशी, ठाण्याहून ऐरोलीला जाताना, गाडीत खिडकीशी उभी होते. दिघ्याच्या पुढे जुने कारखाने दिसतात, आता त्यांतल्या कित्येकांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. कुठूनतरी कसल्याशा रसायनाचा वास आला आणि बाबांचा हात डोळ्यांसमोर आला, तळव्यावर ती ठिपक्यांची गोळी. समोर जे येईल त्याचा ऑक्सिजन आपल्यावर घेते. घरी पोचल्यावर मी चपला न काढता खुर्चीत बसून ती तपासणी कशी करतात ते वाचायला घेतलं.

फार साधी आहे ती. ग्वायकम नावाच्या झाडाच्या राळेत भिजवलेला एक कागद असतो. त्याला नमुना लावायचा आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. रक्त असेल तर रक्तातलं हीम त्या पेरॉक्साइडचा ऑक्सिजन राळेपर्यंत पोचवतं आणि कागदावर निळा डाग उमटतो, मिनिटाभरात. आता याच्या मध्ये सी येऊन बसलं तर? शोषलं न गेलेलं सी आतड्यातून खाली येतं, नमुन्यात असतं, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे तो ऑक्सिजन आधी आपल्यावर घेतं. राळेपर्यंत काही पोचत नाही. रक्त असतं, कागद कोरा राहतो. म्हणून या तपासणीआधी तीन दिवस 250 मिलिग्रामच्या वर सी घेऊ नये असं सांगतात. आई 2000 घेत होती. माणसाच्या रक्तातलं प्रथिन ओळखणारी नवी तपासणीही आहे, तिला सीने फरक पडत नाही. पण आमच्या लॅबमध्ये जुनीच होती, म्हणून तर त्या मुलीने विचारलं. तिचं काम तिने चोख केलं होतं.

मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मग मला वाटी आठवली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून आईकडे गेले आणि तिला विचारलं, वाटीतली गोळी हल्ली किती घेतेस? "लागली तर घेते," म्हणाली. रोज लागते का? "तसं रोजच म्हण." एक की दोन? आईने उत्तर दिलं नाही, गॅसवरचं दूध बघायला उठली. मी फळीवरचा डबा काढला. त्यात ज्या रिकाम्या पट्ट्या तिने मोडून न टाकता रबराने बांधून ठेवल्या होत्या (ती काहीच टाकत नाही), त्या मोजल्या. दोन महिन्यांत शंभरावर गोळ्या झाल्या होत्या. तिच्या डोकेदुखीला आता गुडघ्यांचीही साथ मिळाली होती आणि तिने मला ते सांगितलं नव्हतं.

ॲस्पिरिनचं पोटाशी वैर जुनं आहे. 1897 मध्ये ते प्रयोगशाळेत शुद्ध रूपात तयार झालं, पण ते करतं काय हे कळायला 1971 उजाडलं. जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की ते शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू तयार होऊ देत नाही. प्रोस्टाग्लँडिन कमी झाले की दुखणं कमी होतं. पण हेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून सांभाळतात, तिथे चिकट लेप राखतात. दुखणं थांबवणारा हात तोच, लेप काढून घेणारा हातही तोच. वरून रक्तातल्या प्लेटलेट्स एकदा ॲस्पिरिनच्या तडाख्यात सापडल्या की त्यांच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात पुन्हा नीट चिकटत नाहीत, त्यामुळे बारीक जखमही वाहत राहते. रोज थोडं, दिसणार नाही इतकं. महिनोन्महिने.

आणि मग सी. मला वाटलं होतं की या गोष्टीत सी फक्त तो निळा डाग पुसण्यापुरतं आहे. पण वाचत गेले तसं त्या दोघांचं नातं जास्त गुंतागुंतीचं निघालं. ॲस्पिरिनने जठराला जी इजा होते त्यात ऑक्सिजनचे मोकाट रेणू भाग घेतात, आणि सी त्यांना आवरतं. माणसांवर प्रयोग झालेत, ॲस्पिरिनबरोबर सी दिलं तर अस्तराची इजा कमी दिसते. जर्मनीत तर दोन्ही एकाच फसफसत्या गोळीत घालून विकतात. उलट बाजूने ॲस्पिरिन सीची वाट अडवतं. एरवी सी घेतलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते साठवून घेतात, पण ॲस्पिरिन सोबत असलं की तसं चढत नाही, हे 1970च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं होतं. संधिवातासाठी वर्षानुवर्षं भरपूर ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसांच्या रक्तात सी कमी सापडायचं. म्हणजे आईच्या पोटात गेली काही वर्षं हे चाललं होतं. एक गोळी अस्तर खरवडत होती, दुसरी तिला जमेल तेवढं सावरत होती, आणि सावरता सावरता झाकतही होती. माझ्या काळजीच्या गोळीने तिचं नुकसान थोडं कमी केलं असेल. त्याच गोळीने ते आमच्यापासून लपवलंही. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि मला त्यातलं कुठलंच एक धरून बसता येत नाही.

डॉक्टरांना फोन केला. रागावले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, "मी वेदनाशामक म्हणून वेगळं विचारायला हवं होतं. आपल्याकडे डोकेदुखीच्या गोळीला कुणी औषध म्हणत नाही." वाटी बंद, केशरी बंद, चार दिवसांनी तपासणी पुन्हा.

ते चार दिवस मी आईकडेच राहिले. गोळ्या काढून घेतल्या तर ती रुसेल असं वाटलं होतं. ती रुसली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरून बसली तेव्हा मी पहिल्यांदा तिचं दुखणं पूर्ण बघितलं, वाटीशिवाय. डोळे मिटलेले, एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताचा अंगठा मानेत रुतवलेला. खालून भाजीवाला ओरडत गेला तेव्हा तिचा चेहरा आकसला. मी सुंठ उगाळून लेप लावला, खिडकीला चादर टांगली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे ती अर्ध्या तासात गुंडाळून आम्हाला चहा करून देत आली होती. अंधारात ती म्हणाली, "तुम्ही लहान होतात. कोण बसणार होतं डोकं धरून." तक्रार नव्हती त्यात. पत्ता सांगावा तसं सांगितलं. माझ्याजवळ त्यावर बोलायला काहीच नव्हतं. मी मान दाबत राहिले.

दुसऱ्यांदा कागद निळा झाला. मग दुर्बिणीतून बघितलं, जठराच्या खालच्या भागात दोन उथळ व्रण आणि आजूबाजूला खरचटल्यासारखे लाल पट्टे. भलतंसलतं काही नव्हतं. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा मी आधी बघितलं, मग आईने चष्मा लावून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. "हे माझं?" एवढंच म्हणाली.

आता दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आहे, तेही मोजून, वहीत लिहून. त्याने जठराला तसा त्रास होत नाही, पण त्याचा सगळा भार यकृतावर असतो. यकृत ते बाहेर टाकण्यासाठी त्याला सल्फेटची जोड देतं, आणि मोठ्या डोसातलं सीही त्याच सल्फेटवर हक्क सांगतं. 1976 मध्ये ह्यूस्टन आणि लेव्ही या दोघांनी निरोगी माणसांना पॅरासिटामॉल दिल्यावर 3 ग्रॅम सी देऊन बघितलं, तेव्हा पॅरासिटामॉल शरीरात नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळलं. पेरू, लिंबू, आवळा यांनी असं काही होत नाही. दिवसाला एखाद्या गोळीने घाबरायचं कारण नाही. पण सहा केशरी गोळ्या म्हणजे 3 ग्रॅम, आणि आई चारवर होती, वाढतच होती. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझे बाबा म्हणायचे तेच. दोघी एकाच खिडकीवर रांगेत उभ्या." बाबा असं म्हणायचे की नाही मला आठवत नाही. कदाचित तिला म्हणाले असतील.

केशरी पट्ट्या मी टाकून दिल्या नाहीत, तिच्याच हाताने टाकू दिल्या. तीन उरल्या होत्या. एका पट्टीतल्या एका गोळीवर, कागद जरा सुटला होता तिथे, तपकिरी ठिपके होते. तिने ती गोळी उजेडाला धरली, बोटाने चोळून बघितली, आणि इतर सगळ्या टाकल्यावर ती एकटीच पुन्हा बाबांच्या फोटोखालच्या कप्प्यात ठेवली. का, ते मी विचारलं नाही. वाटी मात्र अजून फळीवर आहे. आता तिच्यात ती लोहाच्या गोळीबरोबर घ्यायचं लिंबू पिळते, कारण सी सोबत असलं की लोह नीट शोषलं जातं.

गेल्या आठवड्यात हिमोग्लोबिन बघायला पुन्हा त्याच लॅबमध्ये गेलो. तीच मुलगी होती, आता केस कापलेली. 11.2 आलं पुढे, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं. तिने फॉर्म ओढला आणि सवयीने विचारलं, "आजी, काही औषधं चालू आहेत?" आईने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, काउंटरवर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. बीपीची पट्टी. लोहाची. पोटाची, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. पॅरासिटामॉल, आणि ते लिहिलेली वही. गुडघ्यांना लावायचं तेल. मागच्या माणसाने घड्याळ बघितलं, पण मी हलले नाही. शेवटी पिशवीच्या तळातून आईने एक छोटी डबी काढली आणि झाकण उघडून त्या मुलीच्या पुढे धरली.

"ही आवळासुपारी आहे. घरी केलेली. हीपण लिहायची का?"

मुलीने डबीत बघितलं, पेन उचललं. "लिहिते की आजी. दिवसातून किती वेळा?"

आईने खरंच विचार केला. "तीनदा," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "चारदा लिही."